भावजी, वन्सं आणि बाळ

थोरली जर्मन शिकायला लागून वर्ष होत आलं होतं, तेव्हा धाकटी वर्गात आली. आणि आली ती हसतच.

दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच कारखान्यात जायच्या. कारखाना चष्म्यांचा. थोरली तपासणीला होती. काळ्या कागदासमोर, दिव्याच्या झोतात काच धरायची, जराशी तिरपी करायची, आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला टाकायची. लग्नाआधीपासून ती हेच करत होती. तिच्या हाताखालून गेलेली काच तक्रार होऊन परत आली, असं सहसा घडत नसे. धाकटी लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिला कारखान्यात लावून घेतलं तेही थोरलीनंच. साहेबांकडे शब्द टाकला, आणि धाकटी जोडणीच्या बाकावर बसली. चौकटीत काच बसवायची आणि मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू चिमट्यानं उचलून पिळायचे, हे तिचं काम.

कारखान्यात नवी यंत्रं येणार होती, ती जर्मन बनावटीची. म्हणून कारखान्यानंच वर्ग काढला. काम सुटल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकवायला येत. थोरलीनं पहिल्या दिवशीच नाव घातलं. घरी कुणी विचारलं नाही की बाई गं, तुला हे कशाला. नवरा एवढंच म्हणाला, "येताना उशीर होणार का मग?"

बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "तुम्ही नशीबवान आहात. तो, ती, ते तुमच्या भाषेत आहेच. त्यांच्याकडे डेर, डी, डास. बाकीच्यांना तीन लिंगं समजावतानाच माझा जीव जातो."

पण खरी गोम तिथेच होती. ज्यांच्या भाषेत वस्तूंना लिंगच नाही, ते निदान कोऱ्या पाटीनं बसतात. थोरलीच्या तोंडात प्रत्येक वस्तू आधीपासून कुणीतरी होती. खिडकी जन्मापासून ती, आणि आता म्हणे ते. किल्ली ती, तर तिकडे तो. नाक ते, तर तिकडे ती. आरसा तेवढा दोन्हीकडे तो निघाला, तेव्हा थोरलीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. बाकीचं सगळं तिनं घोकून पाठ केलं. कपडे वाळत घालताना, कांदा चिरताना, बसच्या रांगेत उभं असताना ओठ हलत. कुणी पाहिलं तर वाटावं, बाई जप करतेय. वर्षभरात तिच्याकडे शब्दांचा चांगला साठा झाला, आणि त्यातला एकही सहज आलेला नव्हता.

मग साहेबांनी जाहीर केलं की यंत्रं चालवायला शिकण्यासाठी एका कामगाराला सहा महिने तिकडे पाठवायचं आहे. तिकडचे लोक येऊन तोंडी परीक्षा घेतील. थोरलीनं त्या दिवशी काचा तपासताना मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली. वर्गात तिच्या जवळपास पोहोचणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी म्हणाली, "ताई, मी पण येऊ का वर्गाला? घरी एकटीनं लवकर येऊन करू काय?"

"ये की," थोरली म्हणाली. नाही म्हणायला कारण काय देणार?

पहिल्या तासाला बाईंनी डेर, डी, डास फळ्यावर लिहिलं आणि धाकटी फिसकन हसली. "म्हणजे जे धड बाईही नाही आणि बुवाही नाही, त्याला डास चावलाय म्हणायचं." सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. वर्षभरात थोरलीनं बाईंना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

घोकणं धाकटीच्या स्वभावातच नव्हतं. तिनं आपली वेगळीच युक्ती काढली. डेर असेल तो भावजी, डी असेल ती वन्सं, आणि डास असेल ते बाळ. घरातल्या वस्तूंना ती याच नात्यांनी हाक मारायला लागली. टेबल तिकडे तो, म्हणून टेबलभावजी. दार ती, म्हणून दारवन्सं. खिडकीबाळ. किल्लीभावजी. सकाळी निघताना ओरडायची, "अहो, किल्लीभावजी कुठे जाऊन बसलेत? आणि त्या दारवन्संना जरा जोरात ढकला, फुगून बसल्यात!"

सासूबाईंना तर हसून हसून ठसका लागायचा. त्यांनी जन्मात जर्मनचा एक शब्द ऐकला नव्हता, पण आठ दिवसांत त्यांना निम्म्या घराची लिंगं पाठ झाली. "ए, खिडकीबाळाला गार वारं लागतंय, मिटून घे," म्हणायच्या. धाकटा दीर तर बायकोच्या कौतुकात बुडालेलाच होता. पण एका संध्याकाळी थोरलीचा स्वतःचा नवरा आंघोळीहून आला आणि म्हणाला, "दिवावन्सं का लावल्या नाहीत अजून?"

थोरली पोळपाट धूत होती. तिचा हात थांबला. वर्षभर ती याच ओट्याशी उभी राहून डी लाम्पे, डी लाम्पे पुटपुटत होती. तेव्हा या माणसाला ऐकू येत नव्हतं का?

पुढे पुढे तिला धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपायला लागलं. तिचं हसणं, तिचं पायऱ्या दोन-दोन करून चढणं, वर्गात चुकलं तरी न लाजणं. चुकायची भरपूर, पण चुकून पुढे जायची. बाई म्हणायच्या, "वा, वाक्य पूर्ण केलंत!" थोरलीचं वाक्य बरोबर असायचं, पण त्याला कुणी वा म्हणत नसे, कारण ते बरोबर असणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. दोन महिन्यांत बाईंनी धाकटीला थोरलीच्या शेजारी, पुढच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी थोरलीला जेवण गेलं नाही. "पित्त झालंय," म्हणाली.

तर झालं असं, की एकदा जोडणीच्या बाकावर जास्तीचं काम आलं आणि धाकटीचा तास बुडाला. त्या तासाला बाईंनी नेमके कारखान्यातले शब्द घेतले होते, परीक्षेत हमखास येणारे. धाकटी दमून घरी आली, हातपाय धुतले आणि ओट्याशी येऊन उभी राहिली.

"ताई, आज काय झालं सांगा ना. आधी स्क्रू सांगा. तो का ती का ते?"

थोरलीला माहीत होतं. डी श्राउबे. ती स्क्रू. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण तोंडातून निघालं, "डेर."

खरं तर तिला तेव्हाच सुधारता आलं असतं. जीभ घसरली म्हणता आलं असतं. पण धाकटीनं क्षणाचाही विचार न करता मान डोलावली. "स्क्रूभावजी. बरं. चौकट?"

डेर राह्मन. तो. "डी," थोरली म्हणाली.

"चौकटवन्सं. आणि ते पुसायचं फडकं?"

डास टूख. "डेर."

"धूळ?"

डेर श्टाउब. "डास," थोरली म्हणाली, आणि परातीत आणखी पीठ घेतलं. गरज नव्हती तरी घेतलं. मधले काही शब्द तिनं खरेही सांगितले. सगळेच खोटे सांगायचं धाडस तिला झालं नाही.

"तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं ताई," धाकटी म्हणाली आणि गाणं गुणगुणत आत गेली.

त्या संध्याकाळी थोरलीला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर किती दिवसांनी तिला पोटभर भूक लागली.

पण खोटं एकदा घरात शिरलं की ते एका कोपऱ्यात गपचूप बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई केर काढताना म्हणाल्या, "हे धूळबाळ बघ, कितीही हाकला, पुन्हा आलंच!" धाकटा दीर कपाटाची बिजागरी घट्ट करताना स्क्रूभावजींना शिव्या देत होता. थोरलीचा नवरा चष्मा पुसायला फडकंभावजी मागत होता. थोरलीनं ओट्याशी पुटपुटलेलं खोटं आता घरभर फिरत होतं. दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं आणि दर वेळी तिला टोचायचं. ती मनात लगेच दुरुस्त करायची: तो धूळ, तो धूळ. मग हळूहळू दुरुस्त करायला वेळ लागायला लागला. मग एक दिवस तिला स्वतःलाच प्रश्न पडला, मी खरं सांगितलं होतं का खोटं?

या शब्दांना दुसरा कसला आधारच नाही ना. स्क्रूकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो बाई आहे का बुवा, हे स्क्रू सांगत नाही. कानात जे बसलं तेच खरं. थोरलीनं वर्षभर घोकून जे बसवलं होतं, ते सासूबाईंच्या केरसुणीनं आठवडाभरात झाडून काढलं.

पुढच्या उजळणीला बाईंनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ दाखवली आणि थोरलीला विचारलं.

"डास श्टाउब," थोरली म्हणाली.

"तुम्ही?" बाई चकित झाल्या. "अहो, तुम्ही चुकायला लागलात तर मी कुणाकडे बघायचं?"

त्याच तासात धाकटीनं स्क्रू, चौकट आणि फडकं, तिन्ही चुकवले. बाईंनी फळ्यावर नीट लिहून दिलं. धाकटीनं फळ्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि वही मिटली. बसमध्ये नेहमीची बडबड नव्हती. थोरली वाट पाहत होती. आता विचारणार. आता घरी जाऊन सगळ्यांसमोर विचारणार.

गच्चीवर कपडे काढायला गेल्यावर धाकटीनं विषय काढला, तोही फार हळू.

"ताई, एक सांगू? रागावू नका हं."

"बोल."

"ते परवाचे शब्द तुमच्याही डोक्यात चुकीचेच बसलेत. तुम्ही आज बाईंनाही तसंच सांगितलंत ना." तिनं चादरीचं एक टोक थोरलीच्या हातात दिलं. "तास सुटल्यावर मी बाईंना म्हटलं, माझं मीच चुकीचं पाठ केलं. तुमचं नाव नाही घेतलं. उगाच तुम्हाला कशाला कमीपणा."

थोरली चादरीचं टोक धरून उभी राहिली.

"आणि एवढं मनाला लावून घेऊ नका," धाकटी चादरीची घडी घालत म्हणाली. "सगळ्या घराचं बघता, त्यात हे. कुणाच्याही डोक्यात गोंधळ होईल. मी रोज थोडं थोडं घेत जाईन तुमचं. घेऊ ना?"

एक वेळ तिनं कानाखाली वाजवली असती तर थोरलीला चाललं असतं. ही मुलगी तिची कीव करत होती! जिला तिनं चिमटा धरायला शिकवलं, ती आता तिला धूळ तो का ते हे शिकवणार होती. आणि थोरलीला तोंड उघडायची सोय नव्हती. येत होतं म्हणावं तर लबाड ठरणार, येत नव्हतं म्हणावं तर अडाणी.

तिनं अडाणी ठरणं पत्करलं. "घे," म्हणाली.

मग रोज संध्याकाळी धाकटी तिची शिकवणी घ्यायला लागली. मन लावून घ्यायची. थोरली अडखळली की बोट वर करून म्हणायची, "घाई नाही ताई, आठवा, आठवा." बरोबर आलं की टाळी वाजवायची. थोरली दातओठ खात उत्तरं देत होती. सगळ्यात वाईट म्हणजे तिला या शिकवणीची खरोखरच गरज पडायला लागली होती.

एका रविवारी सगळे चहाला बसले होते. सासूबाईंनी सहज विचारलं, "काय गं, परीक्षेचं कुठवर आलं?"

"माझं राहू द्या आई," धाकटी म्हणाली, "ताईंना आता इतकं छान जमायला लागलंय! मागे अगदी सोप्या सोप्या शब्दांना अडत होत्या. स्क्रूसुद्धा—"

"मला येत होतं!" थोरलीचा आवाज इतका चढला की सासूबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला. "स्क्रू मला येत होता. धूळ येत होती, चौकट येत होती, सगळं येत होतं! मुद्दाम सांगितलं तुला चुकीचं. कळलं? मुद्दाम! तू काय मला शिकवतेस?"

थोरलीला वाटत होतं, आपण आपली अब्रू राखली. मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि आपण काय बोलून बसलो ते तिला समजलं. पश्चात्ताप झाला म्हणून ती खरं बोललीच नव्हती. आपल्याला कुणी मठ्ठ समजावं, एवढंच तिला सोसलं नव्हतं.

धाकटी उठली. कप विसळला, पालथा घातला आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून घरातल्या वस्तूंची नाती तुटली. दार नुसतं दार झालं, किल्ली नुसती किल्ली. सासूबाई एकदा सवयीनं खिडकीबाळ म्हणाल्या आणि जीभ चावून गप्प झाल्या. धाकटी थोरलीशी बोलायची, पण कामापुरतं, आणि ताई न म्हणता "जाऊबाई" म्हणायची. "जाऊबाई, पाणी गेलंय." "जाऊबाई, मी पुढे निघते." थोरलीचा नवरा एवढंच म्हणाला, "लहान आहे गं ती. तू असं करशील असं वाटलं नव्हतं." थोरलीला त्याचाही राग आला, की याला तिचं लहानपण दिसतं आणि माझं काहीच कसं दिसत नाही.

परीक्षा घ्यायला तिकडून एक उंच, शांत बाई आल्या. तोंडी परीक्षा दोघांची मिळून होती: एकानं गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्यानं दुकानदार. जर्मनच्या बाईंना घरातलं काही माहीत नव्हतं. दोघी जावा एकत्र सराव करतात म्हणून त्यांनी कौतुकानं दोघींची जोडी लावली होती.

धाकटी गिऱ्हाईक झाली. चष्मा सैल झालाय, नाकावरून घसरतो, काचेवर ओरखडा आहे, अशी तिनं धडाधड तक्रार केली. एक-दोन ठिकाणी चुकली, तशीच पुढे गेली. थोरलीनं चष्मा हातात घेतला. काच तिला बोटांनीच कळत होती. या कारखान्यात काचेबद्दल तिच्याइतकं बोलण्यासारखं कुणाकडेच नव्हतं. तिनं सुरुवात चांगली केली. मग चौकट हा शब्द आला.

डेर का डी? दोन्ही समोर उभे राहिले, दोन्ही सारखेच ओळखीचे. ती "डी" म्हणाली, लगेच "डेर" म्हणाली, पुन्हा "डी" म्हणाली. कान तापले. उंच बाई धीर देत हसल्या. थोरलीनं समोर धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आनंद. ती गिऱ्हाइकासारखी वाट पाहत होती. शेवटी थोरलीनं लिंग न लावताच वाक्य ढकललं आणि पुढे प्रत्येक नामापाशी तिचा पाय अडत गेला.

धाकटीची निवड झाली. थोरली पास झाली, पण बरीच मागून.

"तुम्हाला तिच्या दुप्पट शब्द येतात हो," जर्मनच्या बाई हळहळल्या. "पण तुम्ही प्रत्येक शब्दापाशी थांबता. असं आधी नव्हतं. काय झालं मध्येच?"

"काही नाही," थोरली म्हणाली.

धाकटीची बॅग भरायला घेतली त्या दुपारी सासूबाई वामकुक्षीला गेल्या होत्या. थोरली लोकरीचे कपडे घेऊन तिच्या खोलीच्या दारात आली. हे माझे आहेत, नवे आहेत, तिकडे थंडी असेल, असं काहीसं म्हणाली. स्वतः जाईन या आशेनं तिनं ते साहेबांनी जाहीर केलं तेव्हाच घेतले होते, हे मात्र बोलली नाही. धाकटीनं ते घेतले. एक एक उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी घरात तुम्हाला इतकी नकोशी झाले होते?"

थोरली पलंगाच्या कडेवर टेकली. "नकोशी नव्हतीस. मी वर्षभर या घरात जर्मन बोलत होते, कुणी वळून पाहिलं नाही. तू चार दिवसांत सगळ्यांना हसवलंस. माझा नवरासुद्धा... मला सहन झालं नाही. एवढंच आहे. याहून चांगलं कारण असतं तर सांगितलं असतं."

धाकटी बराच वेळ बॅगेची साखळी पुढे-मागे करत राहिली.

"मला तुमची भीती वाटायची," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून. तुम्हाला सगळं यायचं. काचेतला ओरखडा दिसायचा, भाजीतलं मीठ वासावरून कळायचं. मला येत काय होतं? हसवायला येत होतं. म्हणून हसवायचे." मग म्हणाली, "तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. खोटं कशाला बोलू?"

"नको विसरूस."

"कपडे मात्र नेते."

धाकटी गेली. जोडणीच्या बाकावर दुसरी मुलगी आली, तिला चिमटा धरायला थोरलीनंच शिकवलं. थोरलीनं वर्ग सोडला नाही. पुढच्या वर्षी आणखी एकाला पाठवणार असं साहेब म्हणत होते. म्हणतातच ते.

महिन्याभरानं एकदा असाच धाकटीचा फोन आला. दर आठवड्याला यायचा, पण आधी नवरा, मग सासूबाई, आणि थोरलीपर्यंत येईतो वेळ संपलेला असायचा. त्या दिवशी मात्र तिनं आधी थोरलीला मागितलं. मागे यंत्रांची घरघर होती. मध्येच तिला कुणीतरी काहीतरी विचारलं आणि तिनं जर्मनमध्ये भराभर उत्तर दिलं. तिकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. तिथेही तिनं लोकांना हसवायला सुरुवात केली होती.

थोरलीच्या पोटात तीच जुनी कळ उठली. या खेपेला तिनं पित्ताचं नाव घेतलं नाही.

"जळतेय मी तुझ्यावर," ती म्हणाली. "आत्ता, या घटकेला. सांगून ठेवते."

पलीकडची घरघर जरा मागे पडली, धाकटी बाजूला आली असावी. मग धाकटी म्हणाली, "जळा ताई. पण अभ्यास सोडू नका. इथल्या तपासणीच्या खात्यात एक माणूस आहे, दिवसभर काचा बघतो, आणि त्याला तुमच्या निम्म्यानंही दिसत नाही."

थोरली काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. त्या केव्हाच्या वाट पाहत होत्या. तिनं फोन त्यांच्या हातात दिला.